मंदसोरची पेन्सिल : धूळ, दावा आणि पुरावा

मंदसोर हे नाव मराठी वाचकास मुख्यतः दोन कारणांनी परिचित आहे. ‘मेघदूता’तील मेघाच्या मार्गावर जे दशपूर लागते ते हेच नगर होय, आणि महिदपूरच्या लढाईतील पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांनी इंग्रजांशी जो तह केला तोही याच गावी. इंदूरच्या रहिवाशांस त्या तहाचे स्मरण विशेष असते, कारण त्यानंतर त्याच वर्षी इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. काव्य आणि राजकारण या दोन्हींनी मंदसोरला आपल्या पाठ्यपुस्तकांत जागा दिली आहे.

मंदसोरशी आपला तिसरा संबंध याहून निकटचा आहे, परंतु त्याची वाच्यता क्वचितच होते. पाटीवर अक्षरे गिरवण्याची दगडी पेन्सिल, जिने आपल्यापैकी बहुतेकांनी ‘श्रीगणेशा’ केला, ती बनवण्याचे मंदसोर आणि त्याच्या परिसरातील मुलतानपुऱ्यासारखी गावे हे देशातील एक प्रमुख केंद्र होय. ज्या वस्तूने लक्षावधी मुले साक्षर झाली, ती कापताना कापणाऱ्यांच्या छातीत काय साठत गेले आणि त्याबद्दल कायद्याने त्यांस काय दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय कायद्याचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाच्या ओळखीचाच आहे. तो प्रश्न पुराव्याचा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेन्सिलीचा दगड खाणीतून आणून त्याच्या पातळ काड्या यंत्राच्या फिरत्या पात्याने कापल्या जात. दगड कोरडा कापला की अतिसूक्ष्म धूळ उडते आणि तिच्यात सिलिका, म्हणजे गारेचा अंश असतो. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ नाकात व घशात अडते, परंतु जी दिसत नाही ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाते. तेथे तिच्याभोवती व्रणासारखे कठीण तंतू तयार होतात, श्वासाला जागा उरत नाही आणि मनुष्य हळूहळू धाप लागून खंगतो. या रोगाला वैद्यकात सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुफ्फुस परत मिळवून देणारे औषध नाही. काम सोडल्यावरही रोग पुढे सरकत राहू शकतो, आणि अशा छातीत क्षयाला सहज शिरकाव होतो.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मंदसोरच्या पेन्सिल-कामगारांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक, सिलिकोसिसग्रस्त आढळले. हे वृद्ध नव्हते. त्यांत तरुणांचाच भरणा होता. धूळ जागच्या जागी ओढून घेणारी यंत्रणा बसवल्यास हे टाळता येते, हेही त्याच संस्थेने दाखवून दिले. म्हणजे रोग अटळ नव्हता. तो होऊ दिला गेला होता.

आता कायद्याकडे वळू. कामावर जडलेल्या रोगाबद्दल मालकाकडून भरपाई मागता यावी, ही तरतूद आपल्याकडे नवी नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाताबरोबर व्यवसायजन्य रोगांचीही एक यादी जोडली, आणि यादीतला रोग त्या-त्या व्यवसायातील कामगारास झाला तर तो कामामुळेच झाला असे कायद्याने गृहीत धरावे, असे तत्त्व स्वीकारले. धुळीने होणाऱ्या रोगांना त्या यादीत पुढे जागा मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने असा रोगी आढळताच डॉक्टराने कारखाना-निरीक्षकास कळवावे, असे बंधन घातले. कागदावर पाहिले तर मंदसोरच्या कामगाराची वाट मोकळी होती.

प्रत्यक्षात त्या वाटेवर तीन दारे होती आणि तिन्ही बंद होती. पहिले दार काळाचे. हात यंत्रात सापडला तर त्या क्षणाला साक्षीदार असतात आणि पोलीसचौकीत तारीख पडते. फुफ्फुसात शिरणाऱ्या धुळीला तारीख नसते. रोग वर्षांनी प्रकट होतो, आणि दरम्यान मनुष्य चार कारखाने बदललेला असतो; मग नेमक्या कोणत्या मालकाच्या धुळीने हा मेला, हे सांगायचे कोणी? दुसरे दार निदानाचे. खोकला, ताप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच. म्हणून दवाखान्याच्या चिठ्ठीवर ‘क्षय’ लिहिले जाते, आणि क्षय हा तर कोणालाही होणारा रोग. त्याबद्दल मालकाला कोण जबाबदार धरणार? तिसरे आणि सर्वांत भक्कम दार हजेरीपटाचे. भरपाईची रक्कम वय आणि मासिक वेतन यांवरून ठरायची. ज्याचे नाव पटावर नाही, ज्याला वेतनाची पावती कधी मिळाली नाही, तो कायद्याच्या दृष्टीने कामगारच नव्हे. शिवाय कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून पुढे लागू होई. नऊ माणसांचे छप्पर त्या मर्यादेबाहेर राही. धूळ मात्र नऊ आणि दहा यांत भेद करीत नसे.

ही कोंडी मध्य प्रदेश शासनाच्या ध्यानी आली, असे म्हणावयास जागा आहे. १९८२ साली राज्याने ‘स्लेट पेन्सिल कर्मकार कल्याण निधी अधिनियम’ केला. एका राज्याने एका छोट्या वस्तूच्या कारागिरांसाठी स्वतंत्र कायदा करावा, ही गोष्ट विधिविषयक इतिहासात लक्षणीय आहे. त्यामागचा विचारही लक्षणीय आहे. दाव्याचे स्वरूप ‘अमुक मालक विरुद्ध अमुक मजूर’ असे असते. निधीचे तसे नसते. ज्या व्यवसायातून रोग निघतो त्या व्यवसायातील कामगारांसाठी एक निधी उभारावा आणि आजारी माणसास दोष सिद्ध करण्याच्या खटाटोपातून मोकळे करावे, हे त्याचे तत्त्व होय. त्याने मृत्यू थांबत नाहीत, आणि धूळ निर्माण करणाऱ्यावरचा नैतिक ठपकाही पुसट होतो. परंतु न्यायाची वाट पाहण्याइतका श्वास ज्याच्याजवळ उरलेला नाही, त्याच्या दृष्टीने निधीच अधिक उपयोगी.

हीच कोंडी जगात अन्यत्रही पडली होती. १९३० साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून पाण्याचा बोगदा खोदण्यास आरंभ झाला. खडक जवळजवळ शुद्ध गारेचा होता आणि मजुरांपैकी बहुसंख्य दूरच्या राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय होते. कित्येकांना काही महिन्यांतच रोग जडला. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे ही हकीकत आली, आणि तेव्हापासून ४७६ मृत्यूंचा आकडा रूढ झाला. पुढे १९८६ साली मार्टिन चेर्नियाक या वैद्याने आपल्या ग्रंथात ७६४ मृत्यूंचा अंदाज मांडला. दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. मजूर आजारी पडून गावोगाव पांगले, आणि त्यांच्यामागे कोणी नोंद ठेवली नाही. न्यायालयातील दावे अल्प रकमांवर तडजोडीने मिटले. १९३५ साली त्या राज्याने सिलिकोसिसविषयक कायदा केला खरा, परंतु नोकरीच्या मुदतीच्या अटीमुळे बोगद्यातल्या मजुरांना त्याचा लाभ होण्यासारखा नव्हता.

तो बोगदा ज्या उद्योगसमूहाच्या विजेसाठी खोदला गेला, त्याचे नाव युनियन कार्बाइड. मध्य प्रदेशातील वाचकास हे नाव निराळे सांगावयास नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू माणसांच्या घरांत शिरला, आणि झोपलेल्या माणसांचे घर हेच विषबाधेचे स्थान ठरले. १९८५ साली संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार भारत सरकारकडे घेतला. मे १९८६ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने हा खटला भारतात चालावा असा निर्णय दिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. साडेपाच लाखांहून अधिक माणसांचे दावे मान्य झाले आणि त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास प्रथम पंचवीस हजार रुपये आले. वाढीव भरपाईसाठीची सरकारची अखेरची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या पीथमपुरास आणून त्याच वर्षी जाळण्यात आला. त्या वेळी पीथमपुरात आणि इंदुरात किती अस्वस्थता होती, ते आपण पाहिलेच आहे.

भोपाळचा उल्लेख तुलनेसाठी केला. तेथे एक रात्र होती, एक कंपनी होती, एक कारखाना होता आणि सारे जग पाहत होते. तरी न्यायाला इतका विलंब आणि पदरात इतके थोडे. मग ज्या विषबाधेला ठरावीक रात्र नाही, जिचा मालक एक नाही आणि जिच्याकडे कोणी पाहत नाही, तिची गत काय व्हावी?

याचे उत्तर इंदूर विभागाच्याच पश्चिम टोकाला मिळते. झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील भिल्ल-भिलाला कुटुंबे शेतीचे काम नसले की मजुरीसाठी गुजरातेत जातात. त्यांपैकी अनेक जण गोध्रा आणि बालासिनोर परिसरातील गारेचा दगड दळून पूड करण्याच्या कारखान्यांत गेले. ही पूड काच बनवण्यास लागते. काही महिने काम करून परतलेली धडधाकट तरुण माणसे गावी येऊन खंगू लागली. घरातील कर्ता गेला, मग त्याच्याबरोबर कामाला गेलेली बायको गेली, असे प्रकार एकाच फळियात घडले. त्यांच्याजवळ नेमणुकीचे पत्र नव्हते, ओळखपत्र नव्हते, आणि कारखान्याच्या पटावर नाव नव्हते. पुरावा होता तो केवळ छातीत, क्ष-किरणांच्या चित्रात दिसणारा.

२००६ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने चौकशी करून नोव्हेंबर २०१० मध्ये शिफारस केली की, मरण पावलेल्या २३८ जणांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, आणि हयात असलेल्या ३०४ रुग्णांच्या पुनर्वसनाची व्यवस्था मध्य प्रदेश सरकारने करावी. गुजरात सरकारने ती रक्कम देण्यास प्रत्यक्ष आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये दिला. याचिकेपासून आदेशापर्यंत दहा वर्षे गेली. तरीही या आदेशाचे महत्त्व मोठे आहे. पटावर नाव नसलेल्या माणसाच्या मृत्यूची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. मजुराने कागद दाखवावा, याऐवजी देखरेख का केली नाही याचे उत्तर राज्याने द्यावे, असा प्रश्नाचा रोखच त्यामुळे पालटला.

याहून अवघड प्रकार आहे तो ज्यांचे घर हाच कारखाना आहे त्यांचा. गुजरातेत खंबायत येथे अकीकाचे खडे घासून मणी करण्याचा प्राचीन व्यवसाय आहे. घासण्याची चाके घराच्या ओसरीत किंवा अंगणात चालत. तेथे केवळ घासणाऱ्यालाच नव्हे, तर घासकाम न करणाऱ्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही हा रोग झाल्याचे पाहणीत आढळले आहे. आता या घरातील स्त्रीने दावा कोणावर लावावा? चाक नवऱ्याचे, खडा व्यापाऱ्याचा, मणी परदेशी बाजारपेठेचा. मालक-नोकर या जोडीवर उभारलेला कायदा अशा घराच्या उंबरठ्यावर येऊन थबकतो.

अशा स्थितीत काय करता येते, याची दिशा आपल्याच न्यायव्यवस्थेने दाखवली आहे. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांविषयी निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असे म्हटले. त्याच निकालात एक आदेश आहे, त्याकडे वकिलांखेरीज इतरांचे फारसे लक्ष जात नाही. प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, अथवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपून ठेवावी, असा तो आदेश होय. रोग चाळीस वर्षांनी उठू शकतो, म्हणून कागदही चाळीस वर्षे जगला पाहिजे, हे न्यायालयाने ओळखले. राजस्थानने २०१९ साली याहून पुढचे पाऊल टाकले. प्रमाणित रुग्णास तीन लाख रुपये आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांस आणखी दोन लाख, असे धोरण त्या राज्याने जाहीर केले.

याउलट एक चिंतेची गोष्टही नमूद केली पाहिजे. कामगारविषयक जुने कायदे चार नव्या संहितांत एकत्र करण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अमलात आल्या. व्यवसायजन्य रोगांची यादी त्यांत कायम आहे, ही समाधानाची बाब. परंतु कारखाना कशाला म्हणावे याची मर्यादा, विजेवर चालणाऱ्या ठिकाणी, दहा कामगारांवरून वीसवर नेण्यात आली आहे. पूर्वी नऊ माणसांचे छप्पर मर्यादेबाहेर राही, आता एकोणिसांचे राहू शकते. धोकादायक कामांना ही मर्यादा लागू न करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. तो वापरला जातो की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

असे बंधन घातल्यास लहान उद्योग बुडतील आणि त्याच मजुरांची रोजी जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो क्षुल्लक नाही. मुलतानपुऱ्यात किंवा गोध्र्यात माणसे धुळीत उतरली ती अज्ञानाने कमी आणि पोटासाठी अधिक. परंतु धूळ ओढणारी यंत्रणा किंवा दगड ओला करून कापण्याची पद्धत यांसाठी काही खर्च येतो असे मानले, तरी पटावर नाव लिहिण्यास काय खर्च येतो? ते नाव लिहिले जात नाही, कारण लिहिलेले नाव उद्या दावा सांगू शकते. नोंद नसणे हा येथे निष्काळजीपणा नसून व्यवहार आहे.

इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष बोचणारी आहे, कारण मंदसोरची परंपरा याच्या नेमकी उलट होती. इसवी सनाच्या पाचव्या शतकात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची एक श्रेणी दशपुरास येऊन वसली. तिने ४३६ साली सूर्याचे मंदिर बांधले आणि ४७३ साली त्याचा जीर्णोद्धार केला. वत्सभट्टीने रचलेल्या शिलालेखात हे विणकर कोठून आले, येथे येऊन त्यांनी काय केले, त्यांपैकी काही जण कोणत्या अन्य विद्यांकडे वळले, हे सारे नोंदलेले आहे. परप्रांतातून आलेल्या माणसांनी आपली नोंद दगडात कोरवून घेतली, म्हणून दीड हजार वर्षांनी आपण त्यांना ओळखतो. त्याच गावात दगडाच्याच वस्तूने जीव गमावलेल्यांची नावे मात्र पन्नास वर्षांतच लोपली. झाबुआहून गुजरातेकडे, म्हणजे त्या विणकरांच्या उलट दिशेने, गेलेल्यांपैकी ज्यांची गणना झाली ते २३८. ज्यांची झाली नाही त्यांच्याविषयी इतिहासकाराला बोलताच येत नाही.

शिक्षकांच्या हाती या बाबतीत एक लहानसे साधन आहे, ते सुचवून हा लेख संपवतो. प्रत्येक शाळेच्या प्रवेशअर्जात पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो. गरिबाच्या मुलापुढे आपण तेथे ‘मजुरी’ एवढाच शब्द लिहितो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. वयाच्या प्रश्नात न्यायालये शाळेच्या नोंदवहीला महत्त्व देत आली आहेत. मग कामाच्या प्रश्नातही त्या नोंदीचा काही आधार का होऊ नये? कोणती मजुरी, कोणत्या गावी, कोणत्या प्रकारच्या कारखान्यात, हे विचारून लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. मंदसोर, झाबुआ, अलीराजपूर, धार येथील शाळांनी, तसेच महाराष्ट्रातील दगडखाणी आणि ओतकामाच्या परिसरातील शाळांनी, हा रकाना नीट भरण्याचा परिपाठ ठेवला, तर पुढे कधी त्या मुलाला आपल्या बापाच्या मृत्यूचे कारण सिद्ध करावे लागल्यास एक तरी कागद त्याच्या हाती असेल. आपण ज्या पेन्सिलीने त्याला अक्षर शिकवले तिचे ऋण एवढ्याने फिटणार नाही. पण येत्या जूनपासून या रकान्याची सुरुवात करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.